ओ. के. : एका थट्टेची बखर



या व्यासपीठावरून आजवर थोरथोर पंडितांनी आपणांस इतिहास सांगितला आहे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते पाळी संपल्यावर नगरवाचनालयाच्या बाकावर आणि कामगार संघटनेच्या कचेरीतल्या फायलींत. तेव्हा राजेरजवाड्यांचा इतिहास आमच्याकडून अपेक्षू नका. आम्ही आज दोन अक्षरांचा इतिहास सांगणार आहोत. इथे बसलेल्या प्रत्येकाने सकाळपासून ती निदान दहा वेळा तरी उच्चारली असतील. दूधवाल्याला, रिक्षावाल्याला, फोनवर लेकीला. ती अक्षरे म्हणजे ओ. के.

या दोन अक्षरांशी आमचे एक जुने भांडण आहे. ते शेवटी सांगू. आधी त्यांची कुळकथा ऐकावी, कारण ती ऐकल्यावाचून आमचे भांडण कळायचे नाही.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बॉस्टन हे जुने शहर. १८३८-३९ च्या सुमारास तिथल्या वृत्तपत्रांत एक खूळ शिरले होते. सबंध शब्द न छापता नुसती आद्याक्षरे छापायची आणि वाचकाला कोड्यात टाकायचे. काही दिवसांनी त्यातली गंमत ओसरली, तेव्हा या खुळाने पुढची पायरी गाठली. शब्द मुद्दाम अशुद्ध लिहायचे, एखाद्या अर्धशिक्षित माणसाने लिहावेत तसे, आणि मग त्या अशुद्ध शब्दांची आद्याक्षरे घ्यायची. 'ऑल राइट' या शब्दांची आद्याक्षरे खरे तर ए आणि आर. ही मंडळी लिहीत ओ. डब्ल्यू. 'नो यूज', म्हणजे उपयोग नाही, याचे एन. यू. व्हायला हवे, ते लिहीत के. वाय. अडाण्यांच्या शुद्धलेखनाची शिकलेल्यांनी केलेली ही कुचेष्टा होती. आमच्यासारख्या नववीत शाळा सुटलेल्या माणसाला ती थोडी झोंबते, पण असो.

२३ मार्च १८३९ रोजी 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट' या पत्रात 'घंटानादविरोधी मंडळ' अशा गमतीच्या नावाच्या एका मंडळाची हकिकत आली. पत्राचे संपादक होते चार्ल्स गॉर्डन ग्रीन. त्यांनी शेजारच्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका संपादकाची फिरकी घेतली आणि घेता घेता 'ओ. के.' ही अक्षरे छापली. लगेच शेजारी अर्थही दिला: 'ऑल करेक्ट', म्हणजे सर्व बरोबर. आता पाहा, 'ऑल' चे पहिले अक्षर ए, 'करेक्ट' चे पहिले अक्षर सी. म्हणजे सर्व बरोबर आहे असे सांगणारी ही दोन अक्षरे, आणि दोन्ही चूक! विनोद एवढाच होता. लिहिणाऱ्याला तो ठाऊक होता, वाचणाऱ्यालाही ठाऊक होता. दोघेही हसले आणि पान उलटले.

त्या खुळातली बाकीची अक्षरे वर्ष-दोन वर्षांत मेली. ओ. डब्ल्यू. आज कोणाला आठवत नाही, के. वाय. ही नाही. मग हे एकच पोर का जगले? आमच्या मते त्याचे कारण साधे आहे. त्याला नोकरी लागली.

पहिली नोकरी राजकारणात. १८४० साली अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक होती. मार्टिन व्हॅन ब्युरेन दुसऱ्यांदा उभे होते. त्यांचे गाव न्यूयॉर्क राज्यातले किंडरहूक, म्हणून त्यांना 'ओल्ड किंडरहूक', म्हणजे किंडरहूकचे म्हातारबुवा, असे म्हणत. त्याचीही आद्याक्षरे ओ आणि के! त्या वसंतात न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या अनुयायांनी 'ओ. के. क्लब' काढला. म्हातारबुवाही ओ. के. आणि सारे काही ओ. के., असा तो दुहेरी अर्थ. विरोधकही काही कमी नव्हते. १८३७ पासून देशात मोठी मंदी होती, बँका बुडाल्या होत्या, हजारो हात रिकामे होते. विरोधी पत्रांनी त्याच दोन अक्षरांचे नवेनवे अर्थ लावले: पैसा संपला, पत संपली, अंगावरचे कपडेसुद्धा संपले. ज्यांना ही अक्षरे नको होती, तेसुद्धा ती रोज छापू लागले. शब्द रुजायला मित्र लागतात तसे शत्रूही लागतात, हे आम्ही संघटनेच्या घोषणांच्या बाबतीत पुष्कळदा पाहिले आहे.

याच निवडणुकीत आणखी एका थट्टेचे असेच झाले. विरोधी उमेदवार विल्यम हेन्री हॅरिसन वयस्क होते. एका पत्राने खवचटपणे लिहिले, की या बाबांना सफरचंदाच्या दारूचे एक पिंप द्या, ते लाकडी झोपडीत सुखाने पडून राहतील. हॅरिसनच्या पक्षाने रागावण्याऐवजी तीच झोपडी आणि तेच पिंप आपली निशाणी केली. मिरवणुकांत झोपड्या फिरल्या. हॅरिसन चांगल्या खात्यापित्या घरातले, पण महिनोन्महिने झोपडी पाहून लोकांना ते खरेच झोपडीतले वाटू लागले. निवडणुकीत हॅरिसनना २३४ निर्वाचक मते पडली, व्हॅन ब्युरेनना ६०. ज्या व्हॅन ब्युरेननी ३१ मार्च १८४० रोजी सरकारी बांधकामांवरच्या कामगारांचा दिवस दहा तासांचा ठरवणारा हुकूम काढला, ते पडले. हे आमच्यासारख्याला चटकन विसरता येत नाही. पण ओ. के. पडले नाही. त्याला तोवर दुसरी नोकरी मिळायची वेळ आली होती.

ती नोकरी तारेची. २४ मे १८४४ रोजी सॅम्युअल मोर्सने वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेने संदेश धाडला. पुढच्या काही वर्षांत तारा देशभर पसरल्या. तार मारणाऱ्याला पलीकडच्या माणसाकडून एकच गोष्ट कळायला हवी असते: संदेश पोचला की नाही. तेवढ्यासाठी सबंध वाक्य कोण टिपत बसणार? दोन अक्षरे पुरे. तारेबरोबर रेल्वे आली. तिथे कागद तपासून झाला, माल मोजून झाला, की कोपऱ्यात ओ. के. लिहून सही करायची रीत पडली. आता ही अक्षरे कोणी हसून लिहीत नव्हते. गाडी सोडायची की नाही, माल घ्यायचा की नाही, हे त्यांवर ठरू लागले. ज्या अक्षरांचा जन्म चुकीची टवाळी करण्यासाठी झाला, ती आता बरोबरपणाचा दाखला झाली.

आणि मग लोक त्यांचा जन्म विसरले. हसू विसरले म्हणजे माणसे वंशावळ शोधू लागतात, आणि ती भारदस्तच हवी असते. कोणी म्हणाले, हा शब्द ग्रीक भाषेतला आहे. कोणी एका बिस्किटवाल्याचे नाव पुढे केले, कोणी रेल्वेतल्या एका कारकुनाच्या सहीतली आद्याक्षरे काढून दाखवली. अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन हे मोठे विद्वान. त्यांची समजूत होती की हा शब्द चॉक्टॉ नावाच्या मूळ अमेरिकन जमातीच्या भाषेतला आहे, म्हणून ते कागदांवर 'ओके' असे न लिहिता 'ओकेह्' असे त्या भाषेला साजेल तसे लिहीत. शेवटी कोलंबिया विद्यापीठातले ॲलन वॉकर रीड नावाचे प्राध्यापक जुन्या वृत्तपत्रांच्या ढिगाऱ्यात उतरले. १९४१ साली त्यांनी पहिला पुरावा मांडला आणि १९६३-६४ मध्ये लेखमाला लिहून १८३९ च्या त्या बॉस्टनच्या पानापर्यंत माग नेऊन भिडवला. म्हणजे मूळ विनोद काय होता हे जगाला पुन्हा कळायला सव्वाशे वर्षे लागली. तोवर तो विनोद राहिलाच नव्हता.

आता या कथेतून काय निघते ते पाहू. थट्टेची रीत होते ती तीन पायऱ्यांनी. पहिल्या पायरीवर बोलणारा आणि ऐकणारा दोघेही जाणते असतात. हे खोटे आहे, हे दोघांना माहीत असते आणि म्हणूनच ते हसतात. दुसऱ्या पायरीवर त्या थट्टेचा काहीतरी उपयोग सापडतो. ती आखूड असते, सोयीची असते, तिच्यामुळे एखादे कष्टाचे किंवा लाजेचे वाक्य वाचते. तिसऱ्या पायरीवर नवा माणूस येतो. त्याला शब्द मिळतो, पण त्यामागचे हसू मिळत नाही. तो बिचारा मनापासून तो शब्द वापरतो. पहिल्याने टोपी गंमत म्हणून घातलेली असते. तिसऱ्याला वाटते, हा तर गणवेष आहे.

आपल्याकडे पाहायला बॉस्टनला जायला नको. 'चहापाणी' हा शब्द घ्या. कचेरीतल्या टेबलाखालून जे सरकते त्याला चहापाणी म्हणण्यात पहिल्यांदा खासा टोमणा होता. एवढ्या रकमेचा चहा कोणी पितो का, असे त्यात होते. देणारा मनातून चिडून म्हणे, घेणारा थोडा ओशाळून ऐके. पण रोज म्हणता म्हणता त्यातला टोमणा झिजला. आज 'साहेबांच्या चहापाण्याचे काय?' हे वाक्य पत्ता विचारावा तितक्या सहजपणे विचारले जाते. लाच म्हटले असते तर जीभ अडखळली असती. चहापाणी म्हटल्यावर तो पाहुणचार झाला, आणि पाहुणचार न करणारा माणूस उलट कंजूष ठरला. टोमण्याने लाचेला बोचायचे ते सोडून तिला बसायला पाट दिला.

रस्त्यावरच्या मालमोटारींच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' असे आपण आयुष्यभर वाचत आलो. त्यातला हॉर्न कळतो, प्लीज कळते. मधले ओके तिथे काय करते, हे रंगवणाऱ्या पेंटरलाही सांगता येत नाही. आधीच्या गाडीवर होते म्हणून पुढच्या गाडीवर आले. २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने ही अक्षरे लिहायला मनाई केली, कारण ती वाचून लोक खरोखरच विनाकारण हॉर्न वाजवतात असे खात्याचे म्हणणे. पाहा, ज्या वाक्याचा अर्थ कोणाला लागत नव्हता, ते लोक निमूटपणे पाळत होते!

आता आमचे भांडण. गावाचे आणि कारखान्याचे नाव सांगत नाही. त्यातली माणसे हयात आहेत.

१९९० च्या सुमारास आम्ही एका कारखान्यात कामाला होतो आणि संघटनेचे प्रतिनिधीही होतो. तिथे जड ओतीव भाग उचलायला दोन टनांची चेनपुली होती. रोज पाळी सुरू होताना तिची पाहणी करून एक तक्ता भरायचा असे. साखळीच्या कड्या झिजल्या किंवा ताणल्या आहेत का, हुकाचे तोंड उघडले आहे का, ब्रेक धरतो का, एवढे पाहायचे आणि चौकटीत शेरा लिहायचा. हे काम एका जुन्या फिटरकडे होते. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणत असू. त्या वेळचे फोरमन केबिनच्या दारातून ओरडत, 'तक्ता भरला का रे?' अण्णा तिकडे न पाहता ओरडत, 'ओ. के.!' आणि मग आमच्याकडे वळून हळूच म्हणत, 'ओरडू नका, केलंय!' ओ म्हणजे ओरडू नका, के म्हणजे केलंय. सारे खाते हसे. कारण केलेले नसे, हे सर्वांना ठाऊक होते. अण्णा शिडी लावून वर चढत नसत. बसल्या जागी ते सगळ्या चौकटींत ओके लिहीत.

पण एक गोष्ट होती. अण्णांचे कान. साखळी फिरताना जरा वेगळा आवाज आला की ते हातातले काम टाकून म्हणत, 'थांबवा. कडी बोलतेय.' आणि खरोखरच कडी ताणलेली निघे. तक्त्यावरचे ओके खोटे होते, पण त्यांच्या कानाने ते रोज खरे करून दाखवले जात होते. म्हणून ती थट्टा कोणाला बाधली नाही.

पुढे अण्णा निवृत्त झाले. तक्ता शिकाऊ पोरांकडे आला. त्यांना 'ओरडू नका, केलंय' हे वाक्य मिळाले, चौकटीत ओके लिहायची सवय मिळाली. कान मिळाला नाही. तो वारशाने मिळत नसतो.

१९९६ साली एके दिवशी दुसऱ्या पाळीत साखळीची कडी तुटली. खाली बावीस वर्षांचा एक हेल्पर भाग जागेवर बसवत होता. त्याचा डावा पाय घोट्यापासून गेला.

चौकशी झाली. त्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २९ व्या कलमाप्रमाणे अशा उचलयंत्रांची बारा महिन्यांतून एकदा तज्ज्ञाकडून कसून तपासणी व्हावी लागे. तो कागद तारखेत होता. मग रोजचा तक्ता बाहेर आला. तीन महिन्यांची पाने, आणि प्रत्येक चौकटीत ओके. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीसुद्धा ओके! त्या दिवशी तर कारखान्याला कुलूप असे. चौकशी अधिकाऱ्याने शिकाऊ पोराला विचारले, 'ओके लिहिलेस याचा अर्थ काय?' पोर खोटे बोलणारे नव्हते. ते गोंधळून म्हणाले, 'साहेब, त्या चौकटीत तेच लिहायचं असतं.'

श्रोतेहो, हीच ती तिसरी पायरी. त्या पोराने फसवले नव्हते आणि थट्टाही केली नव्हती. त्याला शिकवले होते ते त्याने मनोभावे केले होते.

व्यवस्थापनाला सारा दोष त्या पोरावर घालून मोकळे व्हायचे होते. संघटनेने ते होऊ दिले नाही. त्याची नोकरी वाचवली, जखमी हेल्परला भरपाई मिळवून दिली, पुढे त्याला भांडारात बसून करायचे कामही मिळवून दिले. त्या लढ्याबद्दल आमचा सत्कार झाला. पण एक गोष्ट तेव्हा कोणी विचारली नाही आणि आम्हीही सांगितली नाही. प्रत्येक महिन्याच्या तक्त्याखाली कामगार प्रतिनिधीची सही लागे. ती आमची होती. सुट्टीच्या दिवशीचे ओके आमच्या डोळ्यांसमोरून तीनदा गेले होते. अण्णांच्या विनोदाला पहिल्यांदा हसणाऱ्यांत आम्ही होतो. तो खोटा आहे हे त्या पोराला सांगण्याची जबाबदारी आमची होती, कारण ते हसू ज्यांना आठवत होते असे खात्यात आम्हीच उरलो होतो. आज अठ्ठावीसहून अधिक वर्षांनी ते या चार भिंतींत सांगतो आहोत.

अपघातानंतर आम्ही एक मागणी लावून धरली. तक्त्यात ओके हा शब्द लिहायचा नाही. दहा कड्यांची लांबी पट्टीने मोजायची आणि मिलिमीटरचा आकडा लिहायचा. मोजणाऱ्याने वर चढलेच पाहिजे, कारण बसल्या जागी रोज नवा आकडा सुचत नाही. आणि तोच तो आकडा लिहिला तर दुसरा माणूस पट्टी लावून पडताळू शकतो. आधी कुरकुर झाली, फोरमननी वेळ जातो म्हणून तक्रार केली. पण दुसऱ्याच महिन्यात एका साखळीचा आकडा वाढलेला दिसला आणि ती साखळी उतरवली गेली. तिच्याखालून त्या दिवशी किती माणसे ये-जा करीत होती ते आम्ही मोजले नाही.

कोणी म्हणेल, मग माणसाने थट्टा करूच नये की काय? आम्ही तसे म्हणत नाही. यंत्रांच्या आवाजात आणि साहेबांच्या ओरड्यात आठ तास काढायचे तर हसल्यावाचून निभत नाही. अण्णांच्या त्या विनोदाने आमच्या किती पाळ्या हलक्या केल्या ते आम्हांलाच ठाऊक. म्हणणे एवढेच, की विनोद करणाऱ्याने मागून येणाऱ्याला त्यातले हसूही सोपवावे. 'आम्ही हे गमतीने म्हणत होतो, खरे काम असे करायचे असते,' हे एक वाक्य जुन्या माणसाने नव्या माणसाला सांगायला हवे. बॉस्टनच्या संपादकाने ओ. के. छापले तेव्हा निदान शेजारी अर्थ तरी छापला होता.

तो हेल्पर आता पन्नाशीला आला आहे. संघटनेच्या सभांना काठी टेकीत येतो. सभेचा निरोप फोनवर धाडला की त्याचे उलट उत्तर येते: ओके. मग आम्ही त्याला फोन लावतो आणि विचारतो, 'ओके म्हणजे काय रे? येतोयस ना?'